लार्गॅक्टिलची सुई

कर्जतकडच्या सहादेवनं तुरुंगात आल्यापासून चार दिवस भाकरीला हात लावला नव्हता. तिच्यात इख आहे, असं भिंतीतला आवाज सांगत होता. हाच आवाज दुष्काळातल्या खडीच्या कामावर, धाकटा भाऊ श्रीमंत शेजारी असताना, त्याच्या कानाशी लागला होता, "ह्यो तुझा भाऊ श्रीमंत न्हाई. त्याचं कातडं पांघरलेला दुसराच हाय." आणि सहादेवनं हातातला हातोडा त्याच्या तोंडावर घातला होता.

डॉक्टर लार्गॅक्टिलची, वेडाचा झटका शांत करणारी सुई टोचायला आले, तेव्हा तिघा शिपायांनी त्याला दाबून धरलं.

"मारत्यात रं मला!" तो ओरडत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची मान आपोआप डावीकडे वळायला लागली. वळतच गेली. डोळे वर चढले, जीभ लाकडासारखी ताठ झाली. आवाज खदाखदा हसला, "म्हनलं न्हवतं?" सहादेवला बोंबही मारता येईना.

तुरुंगातल्या दवाखान्याचा कंपाउंडर याकोब धावत आला. त्यानं सहादेवचं डोकं मांडीवर घेतलं.

"इख नाही हे, बाबा. काहींना औषध असं चढतं. उतरतं पण. मी आहे इथं."

डॉक्टरांना विचारून त्यानं उतारा म्हणून दुसरी सुई दिली. हळूहळू मान सैल पडली. सहादेव हुंदके देत होता, पण याकोबचा हात सोडत नव्हता.

औषध कमी करून गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरानं एका सकाळी भिंत गप्प होती. आता भीती जाईल, असं याकोबला वाटलं. पण त्या शांततेत सहादेवला भावाचा चेहरा दिसला. "दादा, काय करतो?" म्हणणारा. तो श्रीमंतच होता. जगला की मेला, हे कुणाला विचारायची त्याची छाती होईना.

एके दिवशी आई, साळूबाई, भेटीला आली. सहादेवनं गजाआडून आधी तेच विचारलं.

"श्रीमंत...?"

"हाय. येक डोळा गेला, पर हाय. भाईर गेटापाशी उबा हाय."

"आत का न्हाई आला?"

"भितोय रं तुला."

"ऱ्हाऊ दे," सहादेव म्हणाला. "मला बी माझंच भ्या वाटतंय."

संध्याकाळी याकोब गोळ्या घेऊन आला, तेव्हा सहादेवनं आपणहून हात पुढं केला.

"ह्या सोडल्या तर त्यो परत यील?"

"भाऊ?"

"आवाज."

"येऊ शकतो," याकोब म्हणाला. "म्हणून सोडायच्या नाहीत."

सहादेवनं गोळ्या तोंडात टाकल्या आणि पाण्याचा गडू ओठाला लावला.