अजून मुरलं नाही

"अजून मुरलं नाही," बाबा स्वयंपाकघरातून ओरडले.

आतल्या खोलीत आई घोटभर पाण्यासाठी जीव टाकतेय, आणि हे बादलीपाशी घड्याळ बघत उभे! सकाळी नळाला गढूळ पाणी आलं होतं, रस्त्यात कुठेतरी पाइप फुटलेला. बाबांनी तुरटी फिरवली, गाळ बसू दिला, वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत काढलं आणि त्यात क्लोरीनचे थेंब टाकले. आता ते अर्धा तास मुरायला हवं. जलशुद्धीकरण केंद्रात जन्म गेला त्यांचा. मुरल्याशिवाय तिथे कधी पाणी सोडलं नाही, ते घरी सोडतील?

"बाबा, मी कोपऱ्यावरून बाटली आणते."

"त्या बाटलीची टेस्ट कोणी केलीय? हिचं पोट बिघडलं तर परत अ‍ॅडमिट करावं लागेल."

परत अ‍ॅडमिट! डॉक्टरांनी कालच आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, आता घरी न्या, मागतील ते द्या. बाबांनी त्यातलं फक्त 'घरी न्या' एवढंच ऐकलं. असा संताप आला मला, पण त्यांना सांगू तरी काय?

आईने डोळे किलकिले केले. "काय म्हणतायत?"

"मुरतंय म्हणे."

ती हसली. "अख्ख्या गावाला पाणी पाजलं या माणसानं. बायकोचा नंबर शेवटी."

"थांब, मी आणते तसंच. बघू काय बोलतात ते."

मी उठले, तर तिने माझा हात धरला. "नको गं. एवढे खपतायत माझ्यासाठी. त्यांच्या हातचंच पिईन."

मी बसले. थोड्या वेळाने तिचा हात माझ्या हातात सैल पडला. मी हाक मारली, पुन्हा मारली. तिच्या नाकाशी बोट धरलं, श्वास लागला नाही.

स्वयंपाकघरात ते काचेच्या नळीत पाणी घेऊन तपासत होते. औषधाचा थेंब टाकला की पाणी पिवळं व्हायला हवं, मगच ते पिण्याजोगं.

"आलं गं, पिवळं आलं!" ते पेला भरून जवळजवळ धावतच आले. चेहरा नुसता फुलला होता.

मी उठून त्यांना जागा दिली. ते पलंगाच्या कडेला टेकले. आईच्या मानेखाली हात घालून त्यांनी तिला जरा उचललं आणि पेला ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. त्यांनी ते शर्टाच्या बाहीने टिपलं आणि पेला पुन्हा लावला.

"सावकाश," ते म्हणाले, "ठसका लागेल."