भरल्या सभेतली कौशल्या

भागूबाईनं गाईम्हशींची बाळंतपणं केली होती, जावा-नणंदांची केली होती. एकदा तर चाकणच्या बाजारातून परतताना जीपमध्येच अडलेल्या एका परक्या बाईचंही केलं होतं. त्यामुळं पाचव्या महिन्यात सून तनुजा मोठ्या तपासणीला निघाली तेव्हा तिनं लेकाला, ओमला, सरळ सांगून टाकलं, "तू कंपनीत जा. शिफ्ट बुडवू नगंस. मी जाते हिच्यासंगं. तुला काय कळतंय त्यातलं?"

गावातल्या डॉक्टरनं 'एकदा मोठ्या मशिनवर बघून घ्या' एवढंच म्हटलं होतं. त्यासाठी दोघी सासवा-सुना निघोज्याहून पिंपरीला, संत तुकाराम नगरातल्या मोठ्या दवाखान्यात आल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई योगिनी, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी तनुजाच्या पोटावर यंत्र फिरवलं, बराच वेळ फिरवलं, आणि मग पडदा थोडा कलता केला.

"हे बाळाचं हृदय," त्या म्हणाल्या.

काळ्या पडद्यावर एक पांढरा कण उघडमीट करत होता. वाऱ्यावर धरलेल्या वातीसारखा, पण न विझणारा. भागूबाईचे हात आपोआप जोडले गेले. एवढी बाळंतपणं केली, पण ती सगळी बाहेर आल्यावरची. आतला संसार तिनं आजवर पाहिलाच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र ठेवलं आणि त्या खुर्ची ओढून तनुजाच्या समोर बसल्या. "बाळाच्या दोन्ही किडन्या झालेल्याच नाहीत. त्यामुळं त्याच्याभोवती पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणून फुप्फुसं वाढत नाहीयेत. पोटात आहे तोवर ते तुझ्या जिवावर जगतंय. बाहेर आल्यावर थोडा वेळ राहील. कदाचित तेवढाही नाही."

"औषध?" तनुजानं विचारलं.

"नाही गं."

मग त्यांनी कायदा समजावून सांगितला. बाळात असा दोष असेल तर दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भ काढता येतो. चोविसावा आठवडा उलटला तर मात्र डॉक्टरांच्या मंडळापुढं जावं लागतं. आणि काढायचा नसेल, नऊ महिने न्यायचे असतील, तर तेही करता येतं. "काहीही ठरव, आम्ही सोबत आहोत."

भागूबाई म्हणाली, "घरी मालकांस्नी इचारून सांगते, बाई. हिच्या नवऱ्यालाबी इचाराया पायजे. त्यांच्या सह्या लागतील."

"घरी सांगा, आजी. पण होकार फक्त हिचा लागतो. नवऱ्याचाही लागत नाही."

भागूबाईनं तनुजाकडं पाहिलं. ती भिंतीकडं बघत होती.

मोशीवरून बस चाकणकडं वळली. भागूबाईच्या मनात भांडण पेटलं होतं. जीव तो जीव. देणारा वर बसलाय, नेणाराही तोच. आपण मध्ये हात घालणारे कोण? तिच्या घरी सासू होती तेव्हा माहेरी कधी जायचं, कुठलं लुगडं नेसायचं, दुपारी किती टेकायचं, हे सगळं सासू ठरवायची. आणि इथं आख्खा जीव ठेवायचा की काढायचा हे कालच्या पोरीनं ठरवायचं, ते कुणाला न विचारता? आपण काही परवानगी देणार नाही, असं तिनं उतरताना पक्कं केलं. परवानगी तिच्याकडं कुणी मागितलीच नव्हती, हे तिच्या घरी पोचल्यावर ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेनूबुवा, म्हणजे भागूबाईचे मालक, झेंडूच्या वावरात होते आणि ओम कंपनीत. ओसरीच्या पायरीवर तनुजा फोन घेऊन बसली होती. फोनमधून कुणीतरी मोठ्या आवाजात बोलत होतं.

"काय बघतीस?"

"संसद, आत्या. हा कायदा बदलला तेव्हा दिल्लीत चर्चा झाली होती. शोधून काढली."

भागूबाई तिच्या शेजारी टेकली. पडद्यावर भलंमोठं सभागृह होतं, गोल गोल बाकांच्या रांगा, उंचावर बसलेले अध्यक्ष. एक बाई उठून बोलत होत्या. गर्भाशय, गर्भपात, पाळी हे शब्द त्या खणखणीत उच्चारत होत्या आणि शेकडो पुरुष खाली मान घालून ऐकत होते. कुणी हसत नव्हतं. जे बोल भागूबाईच्या पिढीनं चुलीमागंही कुजबुजत काढले, ते भरल्या सभेत, माईकवरून.

"हे समदं खरंच बोलत्यात तिथं?" तिनं विचारलं. "बायांचं?"

"हो, आत्या."

मग एक म्हातारे सदस्य उठले. हिंदीत बोलत होते, पण भागूबाईला घरच्या चाळीतल्या परप्रांतीय भाडेकरूंमुळं हिंदी कळायची. ते खेड्यातल्या बायांविषयी सांगत होते. दवाखाना लांब, बोलायची चोरी, म्हणून त्या कुणातरी जाणतीकडं जातात. ती मुळी घालते, काडी घालते. बाई घरी येते आणि तापानं फणफणून मरते, आणि घरचे म्हणतात पोटात दुखत होतं.

भागूबाईनं पदर तोंडाशी नेला.

"आत्या? बंद करू?"

"ऱ्हाऊ दे. त्याला कुनी सांगितलं हे?"

"काय?"

"कौशल्याचं."

कौशल्या तिची थोरली जाऊ. पाच लेकरं झालेली, सहावं राहिलं. एका सकाळी 'माहेरी जाऊन येते' म्हणून गेली आणि संध्याकाळच्या आत परतली. भागूबाई तेव्हा नवी नवरी. गोठ्यातल्या गवतावर कौशल्या पाय जवळ घेऊन पडली होती. म्हणाली, कुणाला सांगू नकोस, फक्त पाणी दे. भागूबाईनं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी कौशल्या तिथंच गेली. पोटात दुखत होतं, असं आल्या-गेल्याला सांगितलं गेलं, आणि मग ते घरातल्यांनाही खरं वाटायला लागलं.

"तवाबी कायदा होता का गं?"

"होता, आत्या. तुमच्या लग्नाच्या आधीपासून होता."

कायदा होता आणि कौशल्या गोठ्यात मेली. तो असल्याचं कुणी तिला सांगायला आलंच नव्हतं. आणि आता दिल्लीतला कोण कुठला म्हातारा, ज्यानं कौशल्याचं तोंडही पाहिलं नाही, तो देशापुढं उभा राहून तिचंच मरण सांगत होता. भागूबाईच्या अंगावर काटा आला. देवळात मूर्तीचे डोळे उघडताना येतो तसा.

तेवढ्यात दुसरा एक सदस्य उठला. तो तरुण होता. तो म्हणत होता की पोटातल्याला मत नाही, वकील नाही, आवाज नाही. मग त्याची बाजू या सभागृहानं नाही मांडायची तर कुणी?

भागूबाईची मान हलली. "ह्योबी खरं बोलतोय."

"हो."

"दोघंबी खरं बोलत्यात. मग ह्यांनी निवाडा कसा केला?"

तनुजानं फोन मांडीवर उपडा ठेवला. "कारण काय ते डॉक्टरांनी बघायचं, आणि हो की नाही ते बाईनं म्हणायचं, असा केला."

एवढी शहाणी माणसं, एवढं मोठं घर, इतका वेळ भांडली, आणि शेवटचा शब्द निघोज्याच्या ओसरीवर बसलेल्या या पोरीच्या तोंडात आणून ठेवला. भागूबाईला तनुजा एकदम वेगळीच दिसायला लागली. तिनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "काढून टाक, पोरी. मी तुझ्यासंगं हाय. तुला कौशल्यावानी एकटीला न्हाई जाऊ द्यायची."

तनुजा फोन उचलून आत गेली. पुढचे दोन-तीन दिवस ओम ड्यूटीवरून आला की तिच्याजवळ बसायचा आणि म्हणायचा, "तू म्हणशील तसं." गेनूबुवांनी एकदाच विषय काढला. "तिला कुनी घाई करू नका," म्हणाले, आणि पुन्हा वावरात गेले.

ठरल्या दिवशी दोघी पुन्हा पिंपरीला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी भागूबाईला बाहेर थांबायला सांगितलं. "हिच्याशी एकटीशी बोलायचंय. कुणाचा दाब नको."

बाहेरच्या बाकावर एक तरणी बाई आधीच बसलेली होती. स्वरूपा तिचं नाव, परभणीकडची, नवरा भोसरीत वेल्डिंगला. तिचाही गर्भ असाच, न वाचणारा. तिनं काढायचं ठरवलं होतं आणि आतून बोलावणं यायची वाट बघत होती.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "पाप लागंल का हो?"

चार दिवसांपूर्वी भागूबाईनं याचं उत्तर तडकाफडकी दिलं असतं. आता तिनं त्या पोरीचा गारठलेला हात आपल्या हातात घेतला. "मला न्हाई ठाव, बाई. खोटं कशाला सांगू? दिल्लीतल्या मोठमोठ्यांचंबी एकमत न्हाई त्यावर. पर तू हिथं चांगल्या हातात हायस, उजेडात हायस, एवढं मला दिसतंय. आन् तुझ्या पोटचं दुःख माझ्यापरीस तुला जास्त."

स्वरूपा तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. भागूबाई तिला थोपटत राहिली.

दार उघडलं आणि तनुजा बाहेर आली. चेहरा कोरडा, शांत. "आत्या, मी नाही म्हटलं."

"म्हंजी?"

"काढणार नाही. नऊ महिने नेणार."

भागूबाई उठूनच उभी राहिली. "अगं, पर ते ऱ्हानार न्हाई. बाई सांगत्यात ना. नऊ महिने वागवायचं आन् मग..."

"माहीत आहे. मला सगळं दोनदा सांगितलं त्यांनी. पण ते हलतं, आत्या. ओम आला की जास्त हलतं. त्याचं आयुष्य जेवढं आहे ते माझ्या पोटातच आहे. तेवढं तरी त्याला मिळू दे."

स्वरूपा डोळे पुसून तिच्याकडं बघत होती. "मला न्हाई जमणार हे," ती म्हणाली.

तनुजा तिच्या शेजारी बसली. "तुम्ही करताय ते मला नसतं जमलं."

एवढंच बोलणं झालं. मग स्वरूपाला बोलावणं आलं, आणि ती आत जाईपर्यंत तनुजानं तिचा हात सोडला नाही. भागूबाई त्या दोघींकडं बघत भिंतीला टेकून उभी होती. एकच दुःख, एकच बाक, आणि वाटा दोन. कुठली बरी हे तिला सांगता आलं नसतं. पण दोघींनी आपापली वाट स्वतः उचलली होती, आणि दोघींपुढं आपलं वय फार लहान आहे असं तिला वाटलं.

गावाला कळायला वेळ लागत नाही. बाया विचारायच्या, "कितवा?" आणि तनुजा सांगायची, "सातवा. पण हे राहणार नाही, किडन्या नाहीत त्याला." ज्या शब्दांनी माणसं चार पावलं मागं सरायची, ते ती भाजीचा भाव सांगावा तसे सांगायची. कुणी म्हणालं, असलं कशाला वागवायचं. कुणी म्हणालं, उगाच जिवाला घोर. सातव्या महिन्यात भागूबाईनं घरात जाहीर केलं, "डोहाळजेवन करायचं."

ओम गांगरला. "आई, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी जेवून जावं. लेकरू आता हाय का न्हाई? हाय ना? मग त्याचं कौतुक आत्ताच करायचं. नंतर कवा करायचं?"

गेनूबुवांनी पाटीभर झेंडू आणला. चाळीतल्या भाडेकरू बाया, बीडच्या, लातूरच्या, कोकणातल्या, हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. तनुजाला हिरवी साडी नेसवून फुलांत बसवली. गाणी म्हणताना दोघीचौघींचा आवाज फुटला, पण गाणं कुणी अर्धवट सोडलं नाही.

मुलगी सकाळच्या पारी झाली. ती रडली नाही. मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज केला आणि डोळे किलकिले करून उजेडाकडं बघितलं. डॉक्टरीणबाईंनी तिला नळ्या लावल्या नाहीत, तनुजानं आधीच तसं सांगितलं होतं. तिला मऊ दुपट्यात गुंडाळून सरळ आईच्या छातीवर ठेवलं. तनुजा तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. नाव ठेवलं असावं. काय ते तिनं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. ओमनं बोट पुढं केलं. कितीही धुतलं तरी नखांत राहणारं ऑइलचं काळं तिथं होतंच. त्या बोटाभोवती पोरीनं मूठ मिटली.

मग भागूबाईच्या ओंजळीत ती आली. वजन असं नव्हतंच. छातीचा भाता वरखाली होत होता, थांबत थांबत, पुन्हा होत होता. भागूबाईनं जन्मभरात कितीतरी पोरं झेलली होती, प्रत्येक वेळी तिच्या तोंडून 'जगू दे' एवढंच निघालं होतं. या वेळी मागायला काही नव्हतं. नुसतं बघायचं होतं. तिनं ते कोवळं कपाळ, पापण्यांची लव, कानाची पाळी सावकाश बघून घेतली. इतकं निगुतीनं घडवलेलं कुणी, इतक्या थोड्या वेळासाठी. तिला रडूही आलं नाही. छातीत काहीतरी मोठं भरून आलं होतं, त्याला तिच्याजवळ नाव नव्हतं.

पोर परत आईच्या कुशीत दिली, आणि तिथंच तिचा श्वास थांबला. कधी थांबला ते आधी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गेनूबुवा आणि ओमनं तिला वावराच्या कडेला मातीत ठेवलं. तनुजाला दोन दिवस दवाखान्यातच राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिला दूध फुटलं. पोलकं भिजलं तशी ती पहिल्यांदा हुंदके देऊन रडली. भागूबाईनं छाती बांधायला फडकं काढलं.

"थांबा, आत्या," तनुजा म्हणाली. तिनं नर्सला हाक मारली आणि विचारलं, "इथं कमी दिवसांची पोरं असतात ना? त्यांना चालतं का हे?"

"चालतं. आमच्याकडं दुधाची बँक आहे," नर्स म्हणाली. "पण तुम्ही नक्की..."

"मीच म्हणतेय ना."

भागूबाईनं फडक्याची घडी घातली आणि सुनेला उठायला आधार दिला.