दारापुढचं लायलॅक

अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्याच्या जंगलात चालता चालता मध्येच जांभळ्या घोसांचं लायलॅक फुललेलं दिसलं, की समजायचं, इथे कुणाचं तरी घर होतं. घर जातं, माणसं जातात, दारापुढचं ते झाड काही हटत नाही. अशा बेवारशी झाडाची फुलं कुणीही न्यावीत, हा आमच्याकडचा रिवाज. म्हणून मी खुशाल फांद्या मोडत होते.

"ए बाई! माझ्या आईच्या झाडाला हात लावू नकोस!"

वळून पाहिलं, तर काठी टेकत एक म्हातारा येत होता. ऐंशीच्या घरातला, आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

"मग पाटी लावायची होती!" मी म्हटलं. मीही काही कमी नाही.

त्याला हसू फुटलं. घराच्या उरलेल्या दगडी पायरीवर तो धापा टाकत बसला. नाव आल्डन पिंकहॅम. आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता. पुढे घर जळालं, फोटोसुद्धा राहिला नाही. म्हणून दर मे महिन्यात इथे येऊन बसायचं.

"तिचा चेहराच आठवत नाही गं मला," तो म्हणाला. "आईचा चेहरा! असा कसा मी करंटा?"

"मी चित्रं काढते. तिचं काढीन," मी बोलून गेले. जीभ ना माझी, हाडच नाही तिला.

मग रोज सकाळी त्या पायरीवर आमची बैठक. नाक कसं होतं? माहीत नाही. केस? असतील की. त्याच्या आठवणीत होता फक्त निळ्या पट्ट्यांचा एक एप्रन, पावाचा वास येणारा हात, आणि डोळ्यांवर येणारं ऊन. मी चेहऱ्यामागून चेहरे काढले.

"ही तर आमच्या बँकेतली बाई!" तो खेकसायचा. मी कागद फाडायचे.

एका सकाळी तो आलाच नाही. धुकं इतकं, की आपण जागे आहोत की झोपेत, कळू नये. रात्रीच्या वाऱ्याने फुलं झडली होती, ती वेचायला मी पायरीपाशी गुडघे टेकले, लहान पोराएवढी झाले, आणि सहज वर पाहिलं. बाई गं! जांभळे घोस आभाळाएवढे झाले होते. धुक्यातून ऊन उतरलं आणि त्यांच्यामागे सगळं पांढरं झालं. किती वेळ तशीच बसले कोण जाणे. घरी गेले ती थेट कॅनव्हासपुढे.

चित्र वाळल्यावर आल्डनला घरी बोलावलं.

"चेहरा कुठाय?" तो वैतागला.

"आधी खाली बसा."

"अगं, माझे गुडघे..."

"बसा म्हणते ना!"

खुर्चीला धरून, कण्हत तो जमिनीवर बसला आणि मान वर केली. समोर एप्रनचे निळे पट्टे, पिठाने माखलेला हात, वर फुलंच फुलं, आणि जिथे चेहरा असायचा तिथे नुसतं ऊन. त्याचा हात आपोआप डोळ्यांवर आडवा गेला. तो हमसून रडायला लागला. माझेही डोळे वाहत होते, लपवू कशाला?

"मी विसरलो नव्हतो गं," तो म्हणाला. "वर पाहिलं की ऊनच डोळ्यांवर यायचं. मला तिचा चेहरा दिसतच नव्हता."