चौथ्या पायरीखालचं पाणी

"हे कुणालाच पटणार न्हाई, विहीणबाई. मला स्वतःला पटायला तीन दिवस लागले," मी म्हणालो आणि सतरंजीवर जरा पुढं सरकलो.

सौदामिनीबाईंनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. त्या समुद्राकाठच्या, गुहागरजवळच्या. नांदेडला भाचीचं लग्न उरकून उदगीरला आमच्याकडं उतरल्या होत्या. त्यांची सून म्हणजे माझी लेक अंबिका. ती लग्नापुरती मागून आलेली. दोघी एकाच गाडीतून उतरल्या, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या. गाडीतच शेजारणीचा फोन आला होता, की तुमच्या विहिरीचं पाणी खारट लागतंय.

उंबरठ्यातच त्यांनी विचारलं होतं, "मोटर कुणी चालवली?"

अंबिकानं मान खाली घातली. म्हणून मी तोंड उघडलं.

पस्तीस वर्षं आपल्या माड-सुपारीच्या बागेला बाईंनी दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. यंदा फाल्गुनात पहिल्यांदा ती अंबिकाकडं सोपवून त्या निघाल्या. सुपारीच्या बुंध्याशी पाला पसरायचा. कोवळ्या रोपांना समुद्राच्या अंगानं झावळ्यांचा आडोसा करायचा. पानांवर बसलेलं मीठ धुवायचं, दिवसाआड पाणी द्यायचं. आणि विहिरीची चौथी पायरी उघडी पडली की मोटर बंद. त्याखाली उपसा केला तर समुद्र आत शिरतो, आणि खारं पाणी एकदा रोपांना गेलं की रोपं गेलीच. जमलं नाही तर बाग धाकट्या सुनेकडं जाणार, हेही सांगून ठेवलेलं. अंबिका मात्र फोनवर रोपांची नावं अशी घ्यायची, जशी कुणी लेकरांची घेतं.

"मोटर मी चालवली," मी म्हणालो.

"तुम्ही? तुम्ही कधी आला होतात आमच्याकडे?"

"तुम्ही नांदेडला, जावईबापू गोव्याला. लेक एकटी, म्हणलं चार दिवस जाऊन यावं. आता आमच्याकडचं तुम्हाला काय सांगू? लाईट आली की विहिरीचा तळ दिसेस्तोवर मोटर चालू. पुन्हा लाईट कधी येईल काय भरोसा? मी आपला बटन दाबून माडाखाली आडवा झालो."

"पंचफुलाताई, गेले होते का हो हे?"

माझ्या बायकोनं पदर तोंडाला लावला. "मला नका इचारू. हे घरात असले तरी घरात नसतात."

सौदामिनीबाई माझ्याकडं वळल्या. "किती पायऱ्या उघड्या पडल्या होत्या?"

"सात. आठवी अर्धी."

अंबिकानं झटकन माझ्याकडं पाहिलं. आकडा बरोबर होता, तिनंच फोनवर रडत सांगितलेला.

"आणि मग हो," मी घाईनं म्हणालो, "पाईपातून पाणी यायचं थांबलं आन् बांगडे यायला लागले. माडाच्या आळ्यात ह्या एवढाल्या उड्या!"

"बांगडा? विहिरीत?"

"वाट चुकला असंल."

त्या हसल्या नाहीत. "म्हणजे सुनेला मी सांगितलेलं तुम्ही मोडलंत."

"हाव. ती बिचारी आडोसा बांधून राहिली होती. तिला काय ठाव?"

बाईंनी अंबिकाकडं पाहिलं. पहिल्यांदाच त्या नजरेतला ताठा थोडा उतरला. "मग गाडीत का नाही बोललीस गो? बापाला पाठीशी घालत होतीस?"

इथं मी तोंड मिटायला पाहिजे होतं. आळ माझ्या डोक्यावर बसला होता, लेक सुटली होती. पण माझी जीभ उताराला लागली की तिला गुरं हाकायची काठी लावूनही फायदा नसतो.

"पण विहीरही मीच नीट केली, विहीणबाई! कंबरेला दोर बांधून तळाला उतरलो. खडकात मनगटाएवढं भोक. त्यातून समुद्र आत येऊन राहिला होता, लाटेचा आवाज ऐकू यायचा. काय करावं? पाठ लावून बसलो. एक खेकडा कुल्ल्याला चावला, तरी हललो न्हाई. मला पोहता येत न्हाई. वरच्या झऱ्याचं पाणी चढून राहिलं होतं. छाती, मग गळा, मग हनुवटी. म्हणलं देविदास, आता नाक गेलं की खेळ खलास. तेवढ्यात भोकात वाळू बसली. ओठाला पाणी लागलं तर काय, साखर!"

"गोड?"

"आईच्यान गोड."

"पण शेजारीण तर खारट म्हणाली."

"तिनं आधी चाखलं असंल. मी नंतर उतरलो."

सौदामिनीबाईंनी लांब श्वास सोडला. खांदे सैल झाले. "देव पावला. दोन दिवस रोपांना थेंब नाही, आणि आज ऊन कसलं आहे!" त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला. "शेजारणीलाच सांगते, आत्ता मोटर लाव म्हणून. चावी तिच्याकडे आहेच."

आता खरं बोलावं तर अंबिका गेली. गप बसावं तर बाग गेली. बायको माझ्याकडं बघत होती. मी खोकलो.

"उद्या लावू द्या की. आज तिथं लाईट नसंल."

"तिथे कुठे जाते लाईट?"

पलीकडं घंटी वाजायला लागली. एक. दोन. तिसऱ्या घंटीला तिकडून कुणीतरी 'हॅलो' म्हणालं.

"हां, ऐक," सौदामिनीबाई म्हणाल्या, "आमची मोटर..."

अंबिका उठली आणि सासूच्या हातातला फोन तिनं दोन्ही हातांनी धरला.

"आई, नका लावायला सांगू! अप्पा खोटं बोलून राहिलेत. विहीर खारीच हाय. मोटर मी चालू ठेवली होती, अप्पा उदगीर सोडून कुठंच गेले न्हाईत!"