अंगासंगचं लोखंड

नारायणरावांचं पुढचं पाऊल विहिरीच्या बाजूला पडणार, एवढ्यात उकंडरावांनी त्यांचा दंड धरला.

"अरे भाऊ, कुठी चाल्ला? पानी भराले?"

नारायणराव थांबले. छातीवर पट्ट्यानं बांधलेली काळी डबी घुरघुरतच होती. अजून उजवीकडे, अजून उजवीकडे, असं सांगत होती. मागून योगिनी धावत आली. तिनं आधी वडिलांचा हात धरला, मग डबी बंद केली. काळ्या खडकात खोदलेल्या त्या विहिरीला कठडा नव्हता.

"पुन्हा उजवीकडंच," ती म्हणाली.

"तुयं डब्बं मले तहानेलं वाटते," नारायणराव हसले. योगिनीला काही हसू आलं नाही.

काचबिंदूनं नारायणरावांची नजर हळूहळू खाऊन टाकली होती. आता उजेड तेवढा कळायचा. रोहिणखेडच्या शिवारातलं शेत शेजारचे उकंडराव बटाईनं करत, आणि हाताला धरून न्यायचे तेच. पण नारायणरावांना एकट्यानं जायचं होतं. घरामागच्या फाटकातून निघायचं, बांधानं विहिरीवरून पुढे जायचं आणि निंबाखाली बसायचं. बायको, सरस्वतीबाई, होती तोवर ती भाकरी घेऊन तिथं यायची. ती गेल्याला दोन उन्हाळे झाले, तरी यांचं मन त्या निंबाखालून उठायला तयार नव्हतं.

योगिनी, त्यांची एकुलती एक लेक, पुण्यात दिशादर्शक यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होती. वर्षभर खपून तिनं ही डबी तयार केली होती. फोनवरचा नकाशा दहा-पंधरा फूट सहज इकडंतिकडं करतो, आणि इथं तेवढ्यातच विहीर होती. म्हणून ही डबी आभाळातल्या उपग्रहांकडे पाहतच नसे. चालणाऱ्याची पावलं ती स्वतः जोखायची, दिशा होकायंत्राकडून घ्यायची आणि माणूस कुठं पोचला ते ताडायची. बाप-लेकीचं ठरलं होतं: रविवारपर्यंत डबीनं सरळ नेलं तर ते गावातच राहतील, नाहीतर मुकाट्यानं पुण्याला येतील.

डबीचं वागणंही इरसाल होतं. योगिनी स्वतः ती बांधून डोळे मिटून चालली की डबी तिला थेट निंबाच्या बुंध्याशी न्यायची. तीच डबी बाबांच्या छातीवर गेली की विहिरीकडे ओढ घ्यायची.

लोखंड जवळ असलं की होकायंत्र बहकतं, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नारायणरावांनी किल्ल्या काढल्या, चाकू काढला, खिसे झाडून दाखवले. मग तिनं मोटारीच्या पाइपाला दोष दिला, कुंपणाच्या तारेला दिला, शेवटी विहिरीच्या काळ्या खडकालाही दिला.

"नाचता येईना अन् आंगन वाकडं," उकंडराव म्हणाले. "खडक का तुयासाठी येगळा अन् बापासाठी येगळा हाय काय, पोरी?"

बोलणं लागलं, पण खरं होतं.

संध्याकाळी कणीक मळताना तिच्या मनात पुण्याची गॅलरी आली. तिथं बाबांची खुर्ची मांडता येईल. कामावरून परतल्यावर दार उघडायला कोणी असेल, चहाला दुसरा कप लागेल. पुण्याच्या घरी तिला हाक मारायला कोणीच नव्हतं. बाबा तिला जवळ हवे होते, अगदी लहानपणी हवे असत तसे. डबी चुकली की कुठंतरी आत तिला हलकं वाटत होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

रविवारी सकाळी नारायणराव आंघोळीला गेले. डबी खाटेवर होती आणि तिची सुई शेजारी उघड्या लॅपटॉपवर दिसत होती. धुवायला टाकावी म्हणून योगिनीनं खुंटीवरची बंडी काढली आणि खाटेवर ठेवली. सुई थरथरली आणि एकीकडे कलली. तिनं बंडी उचलली. सुई जागेवर आली. बंडी पुन्हा ठेवली, सुई पुन्हा कलली.

तिनं आतल्या चोरखिशात हात घातला. हिरव्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला आईचा अडकित्ता हाताला लागला.

बाबांनी जन्मात सुपारी खाल्ली नव्हती. आईला हळद लागली तेव्हा बाहेरचं वारं लागू नये म्हणून तो तिच्या हाती दिला होता, आणि पुढं आईनं त्याला घरादाराचा राखणदार करून टाकलं. भर दुपारी कोणी एकटं शेतात निघालं की तो त्याच्या खिशात जायचा. 'लोखंड जवळ असू द्या,' एवढंच ती म्हणायची. खिसे झाडणाऱ्या बाबांनी हा खिसा मोजलाच नव्हता. त्यांच्या लेखी ते लोखंड नव्हतंच.

न्हाणीतून तांब्याचा आवाज येत होता. योगिनी चिंधी हातात धरून बसून राहिली. आता काही बोललं नाही तर संध्याकाळच्या बसला दोन तिकिटं लागतील. बाबा शब्दाचे पक्के, कुरकुर न करता येतील. खुर्ची, चहा, हाक, सगळं मिळेल. तिला फार रडू आलं. मग तिनं चिंधी पहिल्यासारखी गुंडाळली, अडकित्ता खिशात घातला आणि बंडी खुंटीवर अडकवली.

"बाबा, आज काईच काढू नका," अंगणात पट्टा आवळताना ती म्हणाली. "रोज जसे असता तसेच ऱ्हा. अन् जागच्या जागी हळूहळू गोल फिरा."

"हे काऊन?"

"पुण्यात मी डबी माह्या अंगावर जुळवली, थे चुकलंच. तुमच्या अंगावर जुळवाले पायजे होती."

नारायणराव हात पसरून फिरू लागले. डबी प्रत्येक दिशेला लोखंडाची ओढ जोखून घेत होती. कुंपणावरून उकंडराव पाहत होते.

"असं फिरून काय होते वो?"

"जे कायम अंगासंग हाय, त्याचा हिशेब लावता येते, काका. येते-जाते त्याचा नाई," ती म्हणाली, आणि सैल नसलेला पट्टा पुन्हा आवळू लागली.

फिरता फिरता नारायणरावांचा हात एकदा छातीकडे गेला आणि खाली आला.

मग ते निघाले. फाटकातून बांधावर गेले. विहीर आली तेव्हा योगिनीनं श्वास रोखला. डबी गप्प होती. नारायणराव विहिरीशेजारून सरळ पुढे गेले, निंबाच्या बुंध्याला हात लावला, तिथंच बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. उकंडरावांचा जीव भांड्यात पडला. योगिनी पदराआड तोंड करून उभी राहिली.

संध्याकाळी ते तिला सोडायला फाट्यावर आले, तेव्हा बस लांबून दिसत होती.

"बाबा, बंडी बदलली तरी खिशात जे हाय थे तथीच ठेवजा. त्याच बाजूला. काढलं तर रस्ता चुकन."

नारायणरावांनी छातीवरची बंडी सारखी केली.

"तुयी माय बी हेच म्हने," ते म्हणाले. मग त्यांनी तिची पिशवी चाचपून तिच्या खांद्याला नीट लावली. "जाय. जपून जाय."

बुलढाण्याच्या दिशेनं घाट लागला तेव्हा फोन काढायला म्हणून तिनं पिशवीत हात घातला. तळाशी काहीतरी गार लागलं. बैलाच्या खुराची जुनी नाल होती, झिजलेली. गोठ्यात चाचपडत त्यांनी ती कधी शोधली असेल कोण जाणे.

तिनं फोनवरचं होकायंत्र उघडलं. सुई भलत्याच दिशेला वळून बसली होती. योगिनीनं पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि फोन तिच्यावरच ठेवला.