सतरा दिवसांचं पाणी

साहेब, पुना ड्रायव्हरचं लायसन रद्द करताना तुम्ही लिहिलंत, ‘ड्रायव्हरच्या हयगयीमुळे इंजिन फुटले.’ हे खोटं आहे, आणि लिहिताना ते खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्या कचेरीत शिक्का आहे, लाल शाई आहे, पंखा ओढायला माणूस आहे. त्या सकाळी मोटारी तपासायच्या नाक्यावर काय घडलं ते सांगणारा मात्र तिथं कोणी नाही. तेव्हा ते इथं सांगावं लागतंय.

जळगावच्या इंदरचंद शेठची सर्व्हिस मोटार रोज सकाळी धुळ्याला जायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायची. सहा वर्षं ती पुनाच्याच हातात होती. पुना चौथी शिकलेला, अंगाने किडकिडीत, बोलायला सावकाश. मोटार मात्र तो अशी ठेवायचा की लग्नातल्या नवरदेवाने तिच्याकडे बघून टोपी सारखी करावी.

रोज पहाटे तो रेडिएटरची खालची तोटी सोडून कालचं पाणी वाहून जाऊ द्यायचा आणि विहिरीचं ताजं पाणी भरायचा. घरातल्या बायका सकाळी माठ उपसून नवं पाणी भरतात, तसंच हे. शेठची तर ताकीदच होती, “पुना, मोटार आपली लक्ष्मी आहे. तिला शिळं पाणी पाजायचं नाही.” तुमचाही हुकूम नाक्यावर पत्र्यावर रंगवून लावलेला होता : प्रत्येक मोटारीत दररोज ताजे पाणी असावे. म्हणजे शेठ, सरकार आणि पुना, तिघांचं एकमत. आणि तिघंही चुकत होते.

त्या साली चैत्रापासून मोटार तापायला लागली. एरंडोल सोडलं की झाकणाखालून वाफ. पुना थांबायचा, गोणपाट धरून झाकण जरासं सैल करायचा, वाफ जाऊ द्यायचा. मागून उतारू ओरडायचे.

“पुनाभाऊ, पानी उकयनं शे, चहा भी टाकी दे!”

“आरे, मनी म्हैस इतलं पानी पेत नही, जितलं तुनी मोटार पेस!”

पुना हसायचा, पण आतून खचत होता. पंख्याचा पट्टा बघून झाला, जाळीतला कचरा काढून झाला. पाणी तर रोज ताजं. मग तापते कशाने?

श्रावणात एकदा शेठच्या घरी पार्सलं घ्यायला गेला, तेव्हा शेठाणी धनकुंवरबाई अंगणात पातेलं खरवडत बसल्या होत्या. चौमासातला त्यांचा नेम होता : उकळलेलं पाणीच प्यायचं, तेही सूर्य मावळायच्या आत. पातेल्याच्या बुडाला पांढरी खपली धरली होती, उलथण्याने सुटत नव्हती.

“काय लागलं हो बाई त्याला?” पुनाने विचारलं.

“पाणीच लागलं, दुसरं काय!” बाई वैतागून म्हणाल्या. “रोज नवं पाणी उकळायचं, रोज थोडी खपली वाढायची. चिंच लावली तेव्हा कुठे एवढी निघाली. बघ, अंड्याच्या टरफलासारखी. राम राम, काय बोलले मी उपासाच्या दिवशी!”

पुनाने खपली तळहातावर घेतली आणि तसाच उभा राहिला. पार्सलं विसरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन पुरतं गार असताना, त्याने रेडिएटरची वरची रबरी नळी काढली आणि आत बोट घातलं. बोटाला तीच पांढरी खपली लागली. मोटारीत पाणी इंजिनाभोवती फिरून त्याची आग घेतं, मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरताना गार होतं. त्या नळ्याच आवळत आल्या होत्या. रोज ताजं पाणी म्हणजे रोज ताजा क्षार. सहा वर्षं त्याने स्वतःच्या हाताने मोटारीचा गळा आवळला होता.

संध्याकाळी तो पुन्हा शेठच्या दारात.

“बाई, तुमचं उकळलेलं पाणी उरतं ना, ते मला द्याल?”

“तुला कशाला? व्रत घेतलंस का?”

“मोटारीला.”

धनकुंवरबाई पदर तोंडाला लावून हसल्या. “अहो, ऐकलं का? तुमची मोटार आता उपास करणार!”

शेठ बाहेर आले आणि सगळं ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “म्हणजे एकदा भरलेलं पाणी तसंच ठेवणार? माठात ठेवतो का आपण शिळं पाणी?”

“माठातलं आपण पितो, शेठजी. मोटार पीत नाही. तिच्या पोटात तेच पाणी फिरत राहतं. त्यातला क्षार एकदा बसला की बसला, नवा येत नाही. आपणच रोज नवा नेऊन घालतो.”

“घेऊन जा रे तू,” बाई म्हणाल्या. “दिवस मावळला की मला ते चालत नाही. जमिनीवर ओतायचं ते मोटारीत ओत.”

पुनाने धुण्याचा सोडा पाण्यात कालवून रेडिएटरात भरला, मोटार जागेवरच चालू ठेवली, मग थांबवली, गार होऊ दिली आणि तोटी सोडली. चुन्याच्या निवळीसारखं पाणी आलं. असं तीनदा. मग साध्या पाण्याने खळखळून घेतलं आणि चार संध्याकाळी साठवलेलं बाईंचं पाणी, गार झालेलं, निवळलेलं, फडक्यातून गाळून भरलं. घासलेटच्या धुतलेल्या डब्यात वरचं पाणी बरोबर ठेवलं. जेवढं कमी होईल तेवढंच, त्याच डब्यातलं, तांब्याने घालायचं.

सतरा दिवस मोटार कुठं थांबली नाही. धुळ्याला वेळेच्या आधी पोचली म्हणून उतारूंनी तक्रार केली, की बाजार अजून भरला नाही!

अठराव्या दिवशी नाक्यावर तुम्ही खुर्ची टाकून बसला होता. भादव्याचं ऊन, सकाळीच चटके देणारं. मोटार वीस कोस धावून आलेली, इंजिन रसरसलेलं.

“पाणी आजचं आहे का?” तुम्ही विचारलंत.

खोटं बोलला असता तर सुटला असता. पुना म्हणाला, “नाही साहेब. सतरा दिवसांचं आहे.” आणि का ते सांगायला लागला. तुम्ही ऐकलं नाही.

“पाटी वाचता येते ना? काढ ते पाणी. हौदातलं भर.”

“भरतो साहेब. अर्धा तास गार होऊ द्या. आत्ता गार पाणी घातलं तर इंजिन तडकेल.”

“तुझ्यासाठी मी उन्हात बसू?” आणि तुम्ही पट्टेवाल्याला हाक मारलीत. “वना, ओत रे!”

पुढच्या बाकावर पारोळ्याची ताईबाई होती, धुळ्याला लेकीकडे निघालेली. ती खिडकीतून म्हणाली, “सायेब, तापेल तवावर पानी टाकस का कोनी?”

“ही कोण इंजिनियर?” तुम्ही म्हणालात. शेजारी बसलेला तुमचा कारकून हसला.

वनाने तोटी सोडली, उकळतं पाणी मातीत गेलं. पुना दोन्ही हात पसरून झाकणापुढे उभा राहिला. नाक्यावरच्या पोलीस शिपायाने त्याला दंडाला धरून बाजूला केलं. हौदातली गार बादली आत गेली. टण्ण! आवाज सगळ्यांनी ऐकला. इंजिनाच्या बाजूने पाण्याची बारीक रेघ झिरपायला लागली. तुम्ही घड्याळ बघितलंत. पुनाच्या खिशातून लायसन काढून घेतलंत.

आठ दिवसांनी तुमच्या कचेरीतून शेठकडे एक कागद आला. तयार मजकूर : गरम इंजिनात थंड पाणी मी ओतले, माझी चूक झाली, माफी असावी. खाली सही केली की महिन्याभरात लायसन परत.

शेठने तो पुनापुढे ठेवला. त्यांचा आवाज उतरला होता. “सही करून टाक, बाबा. इंजिन गेलं ते गेलं. माझं परमिट त्यांच्याच हातात आहे. तुला दुसरं काम तरी काय येतं?”

ते खरं होतं. पुनाला दुसरं काम येत नव्हतं. त्याने कागद दोनदा वाचला. उद्या कुठल्याही मोटारीवर बसला तरी लोक म्हणणार, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणारा ड्रायव्हर तो हाच. मोटारीचं ज्याला काडीचं कळत नाही, तोसुद्धा असं करत नाही.

“शेठजी, लायसन गेलं तर परत मिळवीन,” तो म्हणाला. “याच्यावर सही केली तर मला मोटार येते, हे मीच खोडल्यासारखं होईल.”

शेठने दौत त्याच्याकडे सरकवली.

पुनाने माफीवर सही केली नाही. कोऱ्या कागदावर, चौथीच्या अक्षरात, अर्ज लिहिला, स्वतः नेऊन कारकुनाच्या हातात दिला आणि पोच घेतली. अर्जात तक्रार नाही, विनंती नाही. एकच प्रश्न आहे : तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचा हुकूम कोणी दिला, त्याचे नाव लेखी कळवावे.

त्याला आज त्रेचाळीस दिवस झाले. तो रोज दहा वाजता कचेरीच्या बाकावर येऊन बसतो, पाच वाजता उठतो. तुम्ही त्याच्यासमोरून जाता. नाव एकच आहे, आणि लिहायला एक ओळ पुरते. लिहा साहेब. कोणी दिला हुकूम?