न चढवलेली पिशवी

मी पाच मिलीलिटरचा जीव. नाव ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, आणि ते न अडखळता म्हणणारे फार थोडे भेटले. वय अकरा महिने. थोरामोठ्यांपुढे लहानांनी तोंड उघडू नये म्हणतात. पण माझं आयुष्यच एवढंसं, मी मोठा व्हायची वाट कधी बघू?

जन्म हिमाचलातल्या एका कारखान्यात. काचेच्या कुपीत भरलं, मान वितळवून बंद केली आणि पाच भावंडांना एका खोक्यात झोपवून ट्रकवर चढवलं. सोलापुरात उतरलो तो मे महिना. हाडांच्या एका दवाखान्याखालच्या मेडिकलात फळीवर पडलो. शेजारी पट्ट्या, कापूस, प्लास्टरची भेंडोळी. त्यांना रोज गिऱ्हाईक, आम्हाला कधीतरी.

माझं काम लोकांना उलटंच वाटतं. मी रक्त थांबवत नाही. जखम झाली की रक्त आपणच गोठून तिच्यावर बांध घालतं. पण अंगातच काही उतावळे असतात, बांध नीट बसायच्या आत तो फोडायला निघालेले. मी त्यांच्या वाटेत आडवा पडतो, बस्स. गुडघा बदलताना हाड कापतात, तिथं रक्त बरंच जातं. मी असलो की कमी जातं, आणि दुसऱ्याचं रक्त चढवायची पाळी सहसा येत नाही.

मला न्यायला आले संगप्पा. अक्कलकोटचे, सत्तरी ओलांडलेले, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांची भावजय रत्नम्मा वरच्या मजल्यावर दाखल होती. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. बाईनं जन्मभर चुलीपुढं बसून कडक भाकरी थापल्या, शेकड्यांनी, दुकानादुकानांत पोचवल्या, आणि गुडघे त्यात झिजवले. घर तिच्या भाकरीवर चाललं. हुकूम मात्र संगप्पांचा चालला.

मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. ॲसिड ऐकून संगप्पांनी खोकं दूर सारलं. संडास धुवायची वस्तू बाईमाणसाच्या अंगात घालणार का, असं त्यांनी चारचौघांत विचारलं. मेडिकलवाला म्हणाला, "काका, लिंबातबी ॲसिडच असतंय की. सरबत सोडलंय का तुमी?" मागचे लोक हसले. संगप्पांनी मला उचललं ते रागानं, आणि जिना चढेपर्यंत मुठीत आवळून धरलं.

वर वेगळाच वाद वाट बघत होता. रत्नम्माच्या अंगात रक्त जरा कमीच होतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं की एक पिशवी तयार ठेवा. बहुतेक लागणार नाही, पण हाताशी हवी. संगप्पा म्हणाले, परक्याचं नको, कुणाचं काय खाणंपिणं असेल. आपल्यातल्याच माणसाचं हवं. मग त्यांनी आपल्यातल्या माणसांना फोन लावले. एकाला शुगर होती, एकाला लग्नाला जायचं होतं, एकाला सुई बघून चक्कर यायची. फोनवर गोत सगळं होतं, खाटेपाशी कुणी नव्हतं.

आली ती सिद्धेश्वरी. रत्नम्माची एकुलती एक लेक.

आठ वर्षांपूर्वी तिनं मोडनिंबच्या एका पोराशी लग्न केलं, जातीबाहेर. त्या दिवशी संगप्पांनी रत्नम्माला उंबऱ्यात उभं केलं आणि लेकीला बोलायला लावलं, की तुझं माझं रक्ताचं नातं तुटलं. रत्नम्मा बोलली. मी संगप्पांना शिव्या देईन, पण हिलाही सोडणार नाही. हुकूम त्यांचा होता, जीभ हिची होती. ज्या बाईच्या भाकरीवर घर चालतं, तिनं एकदा परात आपटली असती तरी पुरे होतं. पण नाही. आठ वर्षं लेकीचा फोन नाही, नातवाचं तोंड नाही.

सिद्धेश्वरीनं कुणाला विचारलं नाही. ब्लड बँकेत गेली, रक्त दिलं, आणि कोपराच्या खळीत कापूस दाबून आईच्या खाटेपाशी येऊन उभी राहिली. संगप्पा चहाच्या निमित्तानं खाली निघून गेले. रत्नम्मा त्या कापसाकडे बघत राहिली, आणि नंतर नर्स काव्याला तिनं तीनदा विचारलं की पिशवी कुठं ठेवलीय.

खरं तर ब्लड बँकेची रीत वेगळी. देणाऱ्याचं रक्त घेतात आणि तपासून ठेवलेली, जुळणारी दुसरी पिशवी देतात. रत्नम्माला हे कुणी सांगितलं नाही. तिच्या लेखी फ्रिजमध्ये तिची लेक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. काव्यानं विचारून घेतलं, कधी झटके आलेत का, पायात रक्ताची गाठ झाली होती का, हृदयाचं काही दुखणं. मग टिचकी मारून माझी मान मोडली. माझ्या एका भावंडालाही फोडलं, आम्हा दोघांना एकाच सिरिंजमध्ये ओढलं आणि सुई सलाईनच्या नळीला लावली. तेवढ्यात रत्नम्मानं तिचं मनगट धरलं.

"हे रक्त कमी जायाचं औषध न्हवं का?"

"हो मावशी."

"मग नगं देऊस. जाऊ दे माजं रक्त." ती कुजबुजत होती, भिंतीनं ऐकू नये अशी. "लई गेलं तरच तिची पिशवी चढवाल की. एकडाव तिचं रक्त माज्यात आलं म्हंजे कोण तोडतंय बघती नातं."

मी सिरिंजमध्ये होतो. जन्मभर एकच काम शिकलो, आणि पहिल्याच दिवशी समोरचं माणूस म्हणतंय, ते करू नकोस. काव्या वीस-बावीसची असेल. तिचे डोळे भरले. पण ती म्हणाली, "मावशी, तुमच्या जिवाशी मी खेळणार नाही," आणि दट्ट्या दाबला. हळूहळू, दहा मिनिटं.

मी काम केलं. त्याची माफी मागणार नाही. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलेलं, रत्नम्मा अर्धवट जागी होती. करवत चालली, हातोडी वाजली, आम्ही दोघं प्रत्येक बांधापाशी ठाण मांडून बसलो. शेवटी पडद्यापलीकडून डॉक्टर खुशीत म्हणाले, फारसं गेलंच नाही, पिशवी परत पाठवा. भूल देणाऱ्या बाईंनी रत्नम्माच्या डोळ्यांतून पाणी येताना पाहिलं आणि दुखतंय का विचारलं. ती नाही म्हणाली. काम एवढं चोख झालं, तरी अकरा महिन्यांच्या आयुष्यात मला कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं.

दुपारी वॉर्डात संगप्पा आले. खाटेच्या एका अंगाला काव्या सलाईन बदलत होती, दुसऱ्या अंगाला सिद्धेश्वरी उभी. संगप्पांनी लेकीकडे न बघता विचारलं, रक्त चढवावं लागलं का. काव्या 'नाही' म्हणणार, एवढ्यात रत्नम्मा बोलली.

"चढलं की."

"कुणाचं?"

"सिद्धीचं. आख्खी पिशवी."

"अव्वा, अगं..." सिद्धेश्वरीनं तोंड उघडलं. रत्नम्मानं तिचा हात असा दाबला की पोरगी गप्पच झाली. आठ वर्षांनी हात धरला तो असा.

संगप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, मठात विचारावं लागेल, शुद्ध करून घ्यावं लागेल.

"इचारा," रत्नम्मा म्हणाली. "पर ती आता माज्यात हाय, भावजी. तिला भाईर ठिवायचं तर मला बी भाईरच ठिवा. मग भाकऱ्या कोण थापतंय बघू."

काव्या सलाईनच्या थेंबांकडे बघत राहिली, जणू ते मोजणं हेच जगातलं एकमेव काम होतं. शेवटी संगप्पा सिद्धेश्वरीला म्हणाले, "डबा आणलास का आईला?" आणि स्टूल ओढून बसले. एवढंच. माफी बिफी काही नाही. या पिढीकडून तेवढ्याची आशाही करू नये.

आज ती वॉकर धरून चार पावलं चालली, लेक कमरेला हात घालून. मी आता जवळजवळ संपलोय. आमच्यासारख्यांचा शेवट खाटेखाली लटकवलेल्या लघवीच्या पिशवीत होतो. हार घालायला कुणी येत नाही, आणि येऊही नये. तिथूनच ऐकतोय, काव्या घरी न्यायचा कागद लिहितेय. त्यात तिला खरं लिहावंच लागणार: रक्त दिलेलं नाही. इंग्रजीत.

संगप्पा तो कागद कुणाकडून तरी वाचून घेतील, तसा माणूसच आहे तो. तुमच्या दारात आले, तर एवढं करा. चष्मा सापडत नाही म्हणा.